पाच मिनिटांची रजा

गाडी सुरू होण्याआधी इथे गाणं निवडावं लागतं. पडद्यावर मोटारीतला रेडिओ दिसतो, त्याच्यापाशी एक हात. आपण स्टिअरिंग जरा इकडेतिकडे फिरवलं की तो हात रेडिओचा कान पिळतो आणि स्टेशन बदलतं. गाणी तीनच आहेत: 'मॅजिकल साउंड शॉवर', 'पासिंग ब्रीझ' आणि 'स्प्लॅश वेव्ह'. तिन्हींना शब्द नाहीत आणि तिन्हींत सुट्टी ठासून भरलेली आहे. त्यातलं एक पसंत करायचं आणि मगच निघायचं.

'सेगा' या जपानी कंपनीचा 'आउटरन' हा नाणं टाकून खेळायचा व्हिडिओ गेम सप्टेंबर १९८६ मध्ये बाजारात आला. मोटारीच्या खेळाची सुरुवात गाण्याने करावी हे ज्याला सुचलं, त्याने आयुष्यात एकदा तरी खराखुरा लांबचा प्रवास केला असणार. घरची मंडळी गाडीत बसली, दारं लागली, बाटल्या मोजून झाल्या, तरी 'काय लावायचं?' हा प्रश्न सुटल्याशिवाय गाडी सोसायटीच्या फाटकाबाहेर पडत नाही. या खेळात मात्र चालवणारा एकटाच निवड करतो आणि शेजारी बसलेली बाई त्यावर अवाक्षर काढत नाही. एवढ्यावरूनच हे सगळं कल्पित आहे हे चाणाक्षांच्या लक्षात यावं.

बाई सोनेरी केसांची आहे. गाडी लाल, बिनछपराची. आपल्याला दोघांच्या पाठीच दिसतात आणि वेग वाढला की तिचे केस उडतात. एका बाजूला माडांची रांग, दुसरीकडे निळा समुद्र, त्यावर शिडाच्या फळ्यांवर उभे राहून तरंगणारे लोक. पहिल्या टप्प्याचं नाव 'कोकोनट बीच'. स्टिअरिंग डावीकडे आहे. जपानात आपल्यासारखंच रस्त्याच्या डाव्या बाजूने जातात आणि चालक उजवीकडे बसतो. त्यामुळे टोकियोतला खेळाडू खुर्चीत टेकला की एक इंचही न हलता परदेशात पोचलेला असतो.

पुढचं सुख आपल्याकडे महामार्गावर गाडी चालवणाऱ्यांनाच कळेल. या रस्त्यावर समोरून कोणीही येत नाही. सगळी वाहनं एकाच दिशेने चालली आहेत. गतिरोधक नाहीत, टोलनाका नाही, दुभाजकातून अचानक उगवणारी दुचाकी नाही आणि रस्त्याच्या मधोमध बसून चिंतन करणारी म्हैसही नाही. आहेत ते ट्रक आणि काही छोट्या मोटारी, आपापल्या कामाला निघालेल्या. त्यांची आपल्याशी शर्यत नाही. आपण त्यांना मागे टाकलं तर त्यांना वाईट वाटत नाही, पुढे जाऊ दिलं तर आनंद होत नाही. आउटरनमध्ये प्रतिस्पर्धीच नाही.

त्याआधीच्या मोटारखेळांत हे असं नव्हतं. १९८२ साली 'नामको'ने 'पोल पोझिशन' काढला होता. त्यात माउंट फूजीजवळचा खरा धावमार्ग होता, पात्रताफेरी होती आणि कडेच्या फलकाला धक्का लागला की गाडीचा स्फोट व्हायचा. थोडक्यात, प्रवेशपरीक्षा आणि नापासांना मृत्युदंड. आउटरन ज्यांनी केला त्या यू सुझुकींनी पुढे अनेकदा सांगितलं आहे की आपण शर्यतीचा खेळ बनवलाच नाही, गाडी चालवण्याचा खेळ बनवला.

हे सुझुकी १९८३ मध्ये सेगात लागले. १९८५ मध्ये त्यांनी 'हँग-ऑन' केला होता. त्यात खेळाडूला मोटारसायकलीच्या जवळजवळ खऱ्या आकाराच्या प्रतिकृतीवर बसून, चारचौघांदेखत अंग झोकून देत वळणं घ्यावी लागत. तो चालला. मग त्यांच्या डोक्यात 'द कॅननबॉल रन' हा सिनेमा शिरला. १९८१चा हा हॉलिवूडचा विनोदी चित्रपट अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत बेकायदा गाडी पळवणाऱ्या वल्लींचा आहे. सुझुकींनी ठरवलं, आपणही तसंच अमेरिका ओलांडू आणि वाटेत दिसेल ते टिपून घेऊ. मग त्यांच्या लक्षात आलं की अमेरिका फार मोठी आणि फार मोकळी आहे, तासन्‌तास देखावा बदलत नाही. सेगाचे अध्यक्ष हायाओ नाकायामा यांना तिकडच्या सुरक्षिततेची काळजी वाटत होती. त्यांनी सुचवलं, युरोपला जा.

साहेबांनी स्वतःहून युरोपला पाठवावं, असं भाग्य किती कर्मचाऱ्यांच्या वाट्याला येतं? सुझुकी फ्रँकफर्टला उतरले. तिथे बीएमडब्ल्यू ५२० भाड्याने घेतली, तिच्यावर व्हिडिओ कॅमेरा बसवला आणि साधारण दोन आठवडे भटकले. जर्मनी, स्वित्झर्लंडचे डोंगर, फ्रान्सचा दक्षिण किनारा, मोनॅको, फ्लॉरेन्स, रोम. ठिकठिकाणी लोकांशी गप्पाही मारल्या.

माझी बायको एका सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेतून निवृत्त झाली. रजा हा तिचा हयातभराचा अभ्यासविषय. किरकोळ, अर्जित, अर्धपगारी, परावर्तित, असाधारण अशा सगळ्या जाती तिला वासावरून ओळखू येतात. सुझुकींची कथा मी तिला मोठ्या कौतुकाने सांगितली. तिने शांतपणे विचारलं, "म्हणजे हा दौरा होता की रजा?" मी म्हटलं, कागदोपत्री दौराच. "मग अहवाल दिला का?"

अहवाल दिला. माझ्या माहितीतल्या दौऱ्यांतून भत्त्याची बिलं आणि 'सदर बाब विचाराधीन आहे' एवढंच बाहेर येतं. या दौऱ्यातून पंधरा देखावे बाहेर आले. समुद्र, दगडी कमानी, दऱ्या, वाळवंट, आल्प्स, ढगांतले डोंगर, गव्हाची शेतं, जुनी राजधानी, द्राक्षांचे मळे, तळ्याचा काठ. परतल्यावर चार प्रोग्रामर, पाच चित्रकार आणि एक संगीतवाला एवढ्या माणसांनी मिळून वर्षाच्या आत खेळ उभा केला. सुझुकी त्या दिवसांत बहुतेक वेळ ऑफिसातच असत. दोन आठवड्यांच्या भटकंतीची भरपाई त्यांनी महिनोन्‌महिने रात्री जागून केली. बायकोच्या मते हे नियमाला धरूनच झालं.

देखाव्यांची मांडणी मात्र कुठल्याही भूगोलाच्या मास्तरांनी पाहू नये. माडांच्या किनाऱ्यावरून निघालेला माणूस मिनिटभरात दगडी कमानींखालून जातो, त्याच्या पुढच्या मिनिटाला वाळवंटात किंवा आल्प्समध्ये असतो. शेवटच्या टप्प्यावर कॅलिफोर्नियाची डेथ व्हॅली आणि जर्मनीचा ऑटोबान एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. मला यात काहीच वावगं वाटलं नाही, कारण आमचा युरोप अगदी असाच होता. दहा दिवसांत सात देशांच्या सहलीला आम्ही जाऊन आलो तेव्हा आयफेल टॉवर, एक धबधबा, कोकिळेच्या घड्याळांचं दुकान आणि पिसाचा तो कलता मनोरा एकाच बसच्या एकाच खिडकीतून लागोपाठ येत गेले. घरी आल्यावर फोटो लावताना कोणता डोंगर कोणत्या देशाचा यावरून वाद झाला, तो अजून मिटलेला नाही. सहलीच्या व्यवस्थापकाच्या हातात शिट्टी होती आणि मनगटावर घड्याळ. "चला, चला, पाच मिनिटं!" हे त्याचं पालुपद. आउटरनमध्ये शिट्टी नाही. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात सेकंद उलटे मोजले जातात, तेवढं पुरतं.

या खेळातला एकमेव शत्रू तो आकडा आहे. ठरल्या वेळात टप्पा ओलांडला की आणखी थोडे सेकंद पदरात पडतात. नाही ओलांडला तर इंजिनाचा जीव जातो, गाडी हळूहळू थांबते आणि खेळ संपतो. पुन्हा नाणं टाकून तिथूनच पुढे जायची सोय नाही. सुरुवात पुन्हा माडांपासून. पाचही टप्पे न चुकता पार केले तर सगळा प्रवास जेमतेम पाच मिनिटांचा. यामागे तत्त्वज्ञान काही नाही, धंदा आहे. गेम सेंटरच्या मालकाला एका नाण्यावर माणूस तासभर बसवून चालत नाही, मागे रांग असते. जगातला बहुतेक आनंद मागे रांग आहे म्हणून आटोपता घ्यावा लागतो.

नाणं टाकणारा तो जपानी माणूस कोण होता? सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच श्रीमंत देशांचे अर्थमंत्री जमले आणि डॉलर स्वस्त करायचं ठरलं. त्याआधी एका डॉलरला सुमारे २४० येन पडत. वर्षभराने, म्हणजे बरोबर आउटरन आला त्या महिन्यात, १५५च्या आसपास पडू लागले. जपानी माणसाच्या खिशातला येन परदेशात एकाएकी वजनदार झाला. पैसा होता, जग स्वस्त झालं होतं, विमानं होती. नव्हती ती रजा. म्हणजे हक्काची होती, पण ती घेऊन शेजारच्या टेबलावर कामाचा बोजा टाकायचा म्हणजे तिथे शिष्टाचाराचा भंग. शेवटी सरकारलाच मध्ये पडावं लागलं. १९८७ मध्ये जपान सरकारने योजना जाहीर केली: वर्षाला परदेशी जाणाऱ्या आपल्या नागरिकांची संख्या पाच वर्षांत एक कोटीवर न्यायची. तेव्हा ती ५५ लाखांच्या घरात होती. निर्यातीतून देशात इतका पैसा साठला होता की बाहेरचे देश डोळे वटारू लागले होते, तेव्हा आपल्या लोकांनी बाहेर जाऊन तो थोडा उधळावा, असा हेतू. जपान्यांनी हे कामही कर्तव्य म्हणून अंगावर घेतलं आणि लक्ष्य मुदतीआधी, १९९० मध्येच गाठलं.

"सरकार रजा घ्या म्हणून मागे लागलं होतं?" बायकोने दोनदा विचारलं. तिच्या सबंध नोकरीत तिला असा एकही शासननिर्णय आढळला नव्हता.

तर ऑफिस सुटल्यानंतर, कोट-टाय तसाच ठेवून, शेवटच्या लोकलआधी गेम सेंटरमध्ये शिरलेला माणूस मला दिसतो. मोठ्या यंत्रात चक्क लाल मोटारीचं धूड असे. त्यात बसायचं, गिअर दोनच, आणि वळणावर यंत्र खरोखर डावी-उजवीकडे कलायचं. गाडी रस्ता सोडून गवतात गेली तर स्टिअरिंग हाताला हिसके देई. ब्रीफकेस पायाशी ठेवून तो पाच मिनिटं आल्प्समध्ये जाऊन येई. सुझुकींनी कंपनीच्या खर्चाने जो दौरा केला त्याची बारीक चिल्लर करून त्यांनी ती बिनरजेच्या माणसांत वाटली, असं मला वाटतं. दौऱ्याचा इतका चांगला हिशेब दिल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

शेवटचा सोडला तर प्रत्येक टप्प्याच्या शेवटी रस्त्याला फाटा फुटतो. पाटी नाही, चहाची टपरी नाही, बसस्टॉपवर उभा कोणी म्हातारा नाही की काच खाली करून 'दादा, कुठला रस्ता?' असं विचारावं. ताशी दोनशे नव्वदच्या वेगात ठरवायचं. पहिला टप्पा एक, पुढे दोन, मग तीन, चार आणि पाच. असे पंधरा देखावे आणि त्यांतून सुरुवातीपासून शेवटापर्यंत जाणाऱ्या सोळा वाटा. एका खेळात पाचच देखावे बघायला मिळतात, दहा राहून जातात. राहून गेलेल्या दहांची हुरहुर त्या पाचांच्या आनंदात मिसळून देणं ही सुझुकींची खरी करामत. ज्या वाटेने गेलो नाही ती नेहमी अधिक निसर्गरम्य असते. आमच्या सहलीतही हॉलंडचा ट्युलिपचा बगीचा वेळेअभावी गाळला गेला होता. आज बायकोला त्या सहलीतलं सगळ्यात जास्त काय आठवत असेल तर तो न बघितलेला बगीचा.

फाट्यावर चुकलं, किंवा ट्रकला घासून गाडी माडावर गेली, तर अपघात होतो आणि बघण्यासारखा होतो. गाडी हवेत कोलांट्या खाते, दोघंही बाहेर फेकली जातात, रस्त्याच्या कडेला आपटतात. मग उठतात. इतका वेळ एक शब्द न बोललेली ती सोनेरी केसांची बाई आता त्याला फैलावर घेते. आवाज ऐकू येत नाही, पण हावभावांची भाषा आंतरराष्ट्रीय आहे. तेवढं झालं की दोघं पुन्हा गाडीत आणि गाडी पुन्हा वाटेला. हाडं मोडत नाहीत, पंचनामा नाही, विमा कंपनीला फोन नाही. 'पोल पोझिशन'मधल्या मृत्युदंडाच्या जागी इथे बोलणी खाण्याची शिक्षा आहे. ती जास्त कडक की सौम्य, यावर विवाहितांत मतभेद संभवतात. सेकंद मात्र या भांडणाच्या काळातही मोजले जात असतात.

गाडीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण तिच्यापायी बऱ्याच गोष्टी घडल्या. मोनॅकोत सुझुकींनी फेरारी टेस्टारोसा बघितली. ही मोटार १९८४ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात पहिल्यांदा आली होती. बारा सिलिंडरांचं इंजिन पाठीमागे, दोन्ही बाजूंना लांब आडव्या पट्ट्या, वेग ताशी २९० किलोमीटरच्या आसपास. खेळातली ताशी २९३ पर्यंत जाते. जपानमध्ये परतल्यावर चमूने एक टेस्टारोसा गाठून दर पाच अंशांच्या कोनातून तिचे फोटो काढले, इंजिनाचा आवाज ध्वनिमुद्रित केला. इतकं सगळं झालं, पण फेरारीची परवानगी घ्यायचं राहिलं. त्या काळात असल्या गोष्टींची फारशी वाच्यता होत नसे. पुढे ती व्हायला लागली. २००३ मध्ये 'आउटरन २' निघाला तो रीतसर फेरारीच्या परवान्यानिशी. २००९ मध्ये त्याची इंटरनेटवरून विकली जाणारी आवृत्ती आली आणि परवान्याची मुदत सरल्यावर ती विक्रीतून काढावी लागली. हल्लीच्या आवृत्त्यांत मूळ खेळ तसाच आहे, फक्त गाडीच्या अंगाखांद्यावर थोडे फेरफार केले आहेत, ओळख पटू नये इतपत. उतारवयात रूप बदलून राहणाऱ्या या मोटारीबद्दल मला सहानुभूती आहे.

गंमत म्हणजे खेळातली गाडी बिनछपराची आहे आणि फेरारीने बिनछपराची टेस्टारोसा विकायला काढलीच नाही. १९८६ मध्ये तशी एक बनवली, ती फियाटचे प्रमुख जियानी अन्येली यांच्यासाठी, आणि तिचा रंगही लाल नव्हता, रुपेरी होता. पण सुझुकींचाही नाइलाज होता. छप्पर ठेवलं तर पाठीमागून बघणाऱ्याला नुसता पत्रा दिसला असता. बाईचे केस उडताना दाखवायचे तर छप्पर उडवणं भाग होतं.

आमच्याकडे जपानी मोटारींचे खेळ आले ते वेगळ्या वाटेने. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या गेमच्या डब्याबरोबर कॅसेट मिळे. तिच्यावर नव्याण्णव खेळ असल्याचा दावा असे आणि त्यात 'रोड फायटर' हमखास असे. तोही जपानी, 'कोनामी' कंपनीचा, १९८४चा. त्यात मोटार आकाशातून बघावी तशी दिसते, आणि संपतं ते पेट्रोल. आमच्या भाच्या-पुतण्यांनी त्यावर सुट्ट्याच्या सुट्ट्या काढल्या. जपान्यांनी स्वतःसाठी वेळ संपण्याचा खेळ ठेवला आणि आपल्या वाट्याला पेट्रोल संपण्याचा आला, हा योगायोगच म्हणायचा. पण ज्याला ज्याची टंचाई, त्याला त्याचा खेळ, हे काही अगदी चुकीचं नाही.

आउटरन माझ्याकडे आला तो भाच्याच्या हातातल्या छोट्या यंत्रातून. तो सेकंदांकडे बघून खेळतो. जपानी खेळाडूंनी शोधून काढलेली एक युक्तीही त्याने शिकून घेतली आहे: गिअर पटापट खालीवर केला की गाडी गवतात गेली तरी वेग पडत नाही. जपानीत तिला 'गिअर गाचा' म्हणतात. मला ही युक्ती पटत नाही. सुट्टीला आलेल्या माणसाने गवतात शिरावं तर ते गवतात बसण्यासाठी.

संगीतावर मात्र आमचं दोघांचं एकमत आहे. ते केलं हिरोशी कावागुची यांनी. सेगात ते मुळात प्रोग्रामर म्हणून लागले होते. लॅटिन चालीचे ताल, फ्यूजन, सिंथेसायझर. भाचा 'मॅजिकल साउंड शॉवर'चा पंथ मानतो, मी 'पासिंग ब्रीझ'चा. शेवटी गुणसंख्या आणि नाव टाकायच्या पडद्यावर 'लास्ट वेव्ह' वाजतं. त्या गाण्याने खेळाडूला उठवून पुढच्याला जागा करून द्यायची, असा हेतू असेल तर तो फसलेला आहे. ते ऐकत बसावंसं वाटतं. अलीकडे ऐंशीच्या दशकाच्या सूर्यास्ताची, माडांची आणि लाल गाडीची आठवण काढणारं सिंथेसायझरचं संगीत निघालं आहे. त्यातल्या एका प्रकाराला 'आउटरन' असंच म्हणतात, आणि काव्हिन्स्की नावाच्या फ्रेंच कलावंताच्या २०१३च्या अल्बमचं नावही तेच. ते करणारे आणि ऐकणारे पुष्कळजण १९८६ मध्ये जन्मलेही नव्हते. न घेतलेल्या रजेची आठवण काढायला वयाची अट नसावी.

सेगाने २०१५ मध्ये काढलेल्या 'याकुझा ०' या खेळाची कथा डिसेंबर १९८८ मध्ये घडते. त्याचे नायक गुंड आहेत, जिवावरची प्रकरणं अंगावर घेऊन हिंडतात. पण मध्येच वाटलं तर ते गेम सेंटरमध्ये शिरून आउटरन खेळू शकतात. त्यांच्या मागे मारेकरी, कथा अर्ध्यावर, आणि हे समुद्रकिनारी. खेळातल्या माणसालाही खेळातून रजा लागते हे सेगाला बरोबर कळलेलं आहे. पुढे सेगाने स्वतःची गेम सेंटरं चालवण्याचा धंदा २०२० मध्ये बहुतांशी विकला, २०२२ मध्ये उरलेलाही सोडला आणि त्या इमारतींवर 'गिगो' ही नवी पाटी लागली.

परवा मी एक प्रयोग करून बघितला. कोकोनट बीचवर गाडी ताशी साठने चालवली. सगळी वाहनं मला मागे टाकून गेली, ट्रकसुद्धा. इतक्या सावकाश गेल्यावर चित्रकारांची हातचलाखी उघडी पडते. माड म्हणजे एक सपाट चित्र, ते लांबून छोटं काढलेलं आणि जवळ येईल तसं यंत्राने झपाट्याने मोठं केलेलं. अगदी शेजारी आलं की त्याचे चौकोनी ठिपके मोजता येतात. रस्तासुद्धा खरा नाही. पडद्यावरच्या आडव्या रेघा एकीमागून एक बाजूला सरकवल्या की वळण होतं. गाडी जागची हलतच नाही, सगळा युरोप तिच्या अंगावर चालून येतो. मोटोरोलाच्या दोन प्रोसेसरांना हे गणित सेकंदाला कित्येकदा करावं लागे. ही फसवणूक टिकते ती वेगामुळे. पण मला तो ठिपक्यांचा माडही आवडला. तो कोणीतरी हाताने बसून काढला होता आणि तीनशेच्या वेगात त्याच्याकडे ढुंकूनही कोणी बघितलेलं नव्हतं. शिडाच्या फळ्यांवरची माणसंही मी नीट बघून घेतली.

"मामा, टाइम संपतोय! गिअर टाक!" भाचा ओरडला.

"संपू दे. तो समुद्र बघ."

टाइम संपला. गाडी किनाऱ्यावरच थांबली. पहिला टप्पाही पार झाला नव्हता. आल्प्स, गहू, द्राक्षं, सगळं पुढेच राहिलं.

"एवढ्या स्कोअरला नावसुद्धा टाकायला मिळत नाही," भाचा हताश होऊन म्हणाला.

"सुट्टीवर गेलेल्या माणसाचं नाव टाकतात तरी कुठे रे?"

"मस्टरवर," वर्तमानपत्राआडून उत्तर आलं. "लाल शाईने."